शरण्याचा जुना फोन

तनया: आई, एकदम खरं सांग हं. आज तुझं लग्न ठरत असतं, तर अँड्रॉइड वापरणाऱ्या मुलाला तू होकार दिला असतास का?

आई: आधी इडली संपव.

तनया: अय्यो, आई! डेअर आहे. रुचानं दिलंय. ग्रुपवर नऊ जणी उत्तराची वाट बघतायत. टाळलंस तर मी हरले.

बाबा: मुलगा इथंच बसलाय की. सांबार वाढून घेतोय.

आई: लिही मग. त्या मुलाकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता आणि तोही बहुतेक वेळ बंद असायचा. तरी होकार दिला.

तनया: हे 'हो'मध्ये धरू की 'नाही'त?

आई: 'पश्चात्ताप'मध्ये धर.

बाबा: बघ की, सतरा वर्षांनी ऐकतोय मी हे. रविवारची सकाळ, एवढी छान इडली, आणि हे.

तनया: पाठवलं! सगळ्या हसतायत. बरं, आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. दुपारी वेलाचेरीला फोन घ्यायला जायचंय ना? माझं ठरलंय. आयफोन.

बाबा: काय?

तनया: आयफोन. काळा. किंवा पांढरा. रंगावर मी भांडणार नाही, एवढी चांगली मुलगी आहे मी.

बाबा: गेल्या रविवारी तूच म्हणालीस, आयफोन म्हणजे युनिफॉर्म, सगळ्यांचा सारखा. तीन वर्षं माझ्या शेजारी बसून होम स्क्रीन सजवलीस. आयकॉन गोल ठेवायचे की चौकोनी, यावर माझ्याशी दोन दिवस अबोला धरलास.

तनया: तेव्हा मी लहान होते, बाबा.

बाबा: गेल्या रविवारी?

आई: घेऊ दे की तिला. माझा ऑफिसनं दिलेला आयफोन चार वर्षं चालतोय. उघडला, काम केलं, ठेवला. तुझ्या फोनसारखं त्याच्याशी रोज सुतारकाम करावं लागत नाही.

बाबा: सुतारकाम नाही, मालकी. तनू, आपण इथं तमिळ मुलखात आलो तेव्हा कृष्णस्वामींच्या घरात भाड्यानं राहत होतो, आठवतं? हाउस ओनर वर, आपण खाली. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घरात अंडं आणायचं नाही. पडदा लावायचा तरी विचारून. तुझ्या आईचा फोन तसा आहे. घर झकास, पण हाउस ओनरचं.

आई: आणि त्या घरात सहा वर्षांत एकदाही नळ गळला नाही, तेही सांग. या स्वतःच्या फ्लॅटमध्ये तू हातानं बसवलेला नळ अजून टिपटिपतोय.

बाबा: तो वॉशर...

आई: वॉशर जाऊ दे. गेल्या वर्षी प्लांटमध्ये याचा पाय मुरगळला, तनू. याच्याबरोबर काम करणाऱ्या मुरलीनं याचा फोन घेतला, घरी कळवायला. स्क्रीनवर काय? एक पोपट आणि एक घड्याळ. बिचारा नंबर लावायला बटण शोधतोय. हा जमिनीवर कण्हत सांगतोय, पोपटावर दोनदा टॅप कर, मग डावीकडे ओढ!

बाबा: ओढल्यावर लागला की फोन.

आई: अठरा मिनिटांनी.

तनया: बघा! म्हणून आयफोन. सोपा. कुणालाही येतो. विषय संपला.

आई: विषय संपला नाही. तुला सोपा फोन कशाला हवा? अपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांचे फोन तू लावून दिलेस. खरं कारण सांग.

तनया: चुम्मा. असंच.

आई: तनया.

तनया: फोटो! शाळेच्या गॅदरिंगचे फोटो, आई. शरण्या आणि रुचानं फोन जवळ धरले, टुण, दोनशे फोटो इकडून तिकडे. आणि मी शेजारी उभी, हात हलवत. 'मलाही पाठवा ना गं डी.' 'हो हो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते.' तीन दिवसांनी आले. अकरा. धुरकट. त्यातल्या चारात माझं कोपर.

बाबा: मूळ साइजमध्ये पाठवता येतात की. सेटिंगमध्ये...

तनया: मला माहितीये येतात! त्यांनाही माहितीये! पण त्यासाठी मी आहे हे आठवावं लागतं ना!

आई: रुचा तीच ना, पुण्याहून जूनमध्ये आलेली?

तनया: तीच. बसमधून कुठं उतरायचं ते कळायचं नाही तिला. शरण्याशी तिची ओळख कुणी करून दिली? मी. 'ही शरण्या, माझी बेस्ट फ्रेंड, तुला तमिळ शिकवेल' असं कुणी सांगितलं? मी. आणि आता शरण्या माझ्याशी बोलताना 'रुचा म्हणते' एवढंच बोलते. रुचा म्हणते केस असे बांध. रुचा म्हणते आयफोन घे. घेतला! पाचवीपासून मी सांगतेय की पेन्सिल चावू नको, ते नाही ऐकलं.

बाबा: म्हणजे फोन नकोच आहे तुला. शरण्या हवीय.

तनया: दोन्ही हवंय. फोन असला की ती आपोआप येईल, बरोबर ना?

(तनयाच्या दप्तरातून तंबोऱ्याचा सूर वाजू लागतो.)

बाबा: हा कसला रिंगटोन?

तनया: काही नाही. अलार्म. बंद करते.

आई: थांब, मी जवळ आहे. हा तुझा फोन नाही. 'साधगम्, साडेआठ.' साधगम् म्हणजे रियाज ना? शरण्याचा फोन आहे हा?

तनया: जुना. तिला नवा आला ना, म्हणून हा पुसायला दिलाय माझ्याकडे. उद्या सकाळी तिचे अप्पा एक्स्चेंजमध्ये देणार आहेत.

आई: कधी दिला?

तनया: मंगळवारी.

आई: फोन पुसायला पाच मिनिटं लागतात. आज रविवार.

तनया: अभ्यास होता.

आई: मी दिवसभर टेस्टिंग करते, तनू. लोक म्हणतात सगळं व्यवस्थित चाललंय, आणि कुठं व्यवस्थित चाललेलं नाही ते शोधायचा मला पगार मिळतो. बोल.

तनया: बाबा, तिला सांग ना.

बाबा: मला काहीच माहीत नाही, मी काय सांगू?

तनया: नवा फोन पहिल्यांदा सुरू होतो ना, तेव्हाच जुन्यातलं सगळं त्यात ओढून घ्यायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपची चॅटसुद्धा. तेव्हाच. ती पायरी ओलांडून पुढं गेलं, की मग नवा फोन पूर्ण पुसून पहिल्यापासून करावं लागतं. शरण्यानं मला बोलावलं होतं. मीच सगळ्यांचे फोन लावते ना. गेले, तर रुचा आधीच येऊन पलंगावर बसलेली. आणि हसत म्हणते कशी, 'बघ तनया, आयफोन किती सोप्पा! तुझं कामच पडणार नाही आता कुणाला.'

आई: मग?

तनया: मग मी म्हटलं, कर सुरू. फोटो, नंबर नंतर येतील. आले. व्हॉट्सअ‍ॅप नाही आलं. शरण्यानं विचारलं, जुन्या चॅट? मी म्हटलं, नाही येत डी. सिस्टिम वेगळी आहे.

आई: येतात हे तुला माहीत होतं.

तनया: हो.

बाबा: अगं पण कशाला?

तनया: मला वाटलं आमची चॅट जाईल. सहावीपासूनची. मग तिला चुटपुट लागेल. रुचाबरोबर बसलेली असताना एकदम आठवेल, अय्यो, तनूचं सगळं गेलं. एवढंच हवं होतं मला. थोडंसं वाईट वाटायला हवं होतं तिला.

आई: वाटलं?

तनया: शुक्रवारी रडली. डबा खायच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. पण आमच्या चॅटचं नावसुद्धा काढलं नाही. रामस्वामी सरांच्या व्हॉइस नोटसाठी रडली.

बाबा: हे कोण?

तनया: तिचे गाण्याचे सर. एक्क्याऐंशी वर्षांचे. क्लासला शिकवतातच, पण मूड लागला की घरून एकेक ओळ गाऊन पाठवतात. दोन वर्षांच्या ओळी आहेत त्या. मार्गळी महिन्यातल्या गाण्याच्या सभेत तिला पहिल्यांदाच पाऊण तास मिळालाय, ते सगळं त्यावरच बसवतेय ती.

आई: सरांकडून परत मागवता येणार नाहीत?

तनया: पाठवलं की ते लगेच डिलीट करतात. त्यांना वाटतं फोन जड होतो. आणि पुन्हा गा म्हटलेलं त्यांना चालत नाही. ती गेली होती विचारायला. म्हणाले, एवढं जपता येत नसेल तर पाठवण्यात काय अर्थ? रुचा गेली होती तिच्याबरोबर. मी नाही गेले.

बाबा: पण मग या फोनमध्ये असेल की सगळं अजून. तू पुसला नाहीस.

तनया: आहे. रोज पुसायला घेते. बटणावर बोट ठेवते, काढते. पुसला की कुणालाच कधी कळणार नाही. सिस्टिमच वेगळी, कुणाची चूक नाही. आणि नाही पुसला तर उद्या तिचे अप्पा येतील न्यायला.

आई: शरण्याला अजून खरंच वाटतंय की येत नाहीत म्हणून?

तनया: मी सांगितलं ना. फोनचं मी सांगितलं की ती दुसऱ्या कुणाला विचारत नाही.

बाबा: हे बघ, एवढं तोंड पाडू नको. सोपं आहे. जा आणि सांग, मी हार मानली नाही, शोधत बसले, आणि शेवटी रस्ता सापडला. नवा फोन पुसायचा, या जुन्यातून सगळं भरायचं. दोन तासांचं काम. पोरगी गळ्यात पडेल तुझ्या.

आई: संजीव!

बाबा: खोटं कुठाय? रस्ता आहेच की.

तनया: अय्यो, बाबा! हो! म्हणजे मीच वाचवलं! शरण्या ओरडेल, नाचेल. आणि रुचाचं तोंड! 'कामच पडणार नाही' काय? पडलं ना काम! सगळ्या ग्रुपमध्ये होईल, तनयानं केलं, तनयानं आणलं परत. सभेत मला पहिल्या रांगेत बसवेल ती. बघालच तुम्ही.

आई: बसवेल.

तनया: बसवेलच. आणि गाणं संपल्यावर माईकवरून सगळ्यांना थँक्यू म्हणतात ना, त्यात माझंही नाव घेईल. माझी मैत्रीण तनया नसती तर...

बाबा: बरोबर.

तनया: तर.

आई: तर काय?

तनया: काही नाही. तू काही बोलू नकोस, आई.

आई: मी कुठं काय बोलले?

तनया: तुझं ते न बोलणंच जास्त ऐकू येतं. मला पहिल्या रांगेत बसून ते ऐकताच येणार नाही. प्रत्येक ओळीला वाटेल, ही तर मी घालवली होती. आणि ती माझ्याकडे बघून हसेल. शी.

बाबा: मग काय करायचं म्हणतेस?

तनया: चार्जर दे. तुझा, ज्यानं पटकन चार्ज होतं तो. आणि आई, तुझा लॅपटॉप लागेल.

आई: लॅपटॉप कशाला?

तनया: नवा फोन पुसायचा म्हणजे त्यात या आठवड्यात जे जमलंय ते जाईल. तिचे आणि रुचाचे फोटो आहेत त्यात. बेसंट नगरच्या समुद्रावर गेल्या होत्या दोघी. ते आधी उतरवून ठेवते.

बाबा: वा. ते गेले असते तर तुला...

तनया: माहितीये. रात्रभर हाच विचार करत होते. छान वाटत होतं. म्हणूनच उतरवते.

आई: आणि फोन? दुपारी दुकानात जायचंय ना?

तनया: आज नको. मी शरण्याकडे जातेय. सगळं सांगणार आहे तिला, मला येत होतं आणि मी मुद्दाम नाही म्हणाले, इथपासून. रुचा असेल तिथं, तर तिच्यासमोर. माझं ठरलंय, आता दोघांपैकी कुणी अडवू नका.

बाबा: मी येऊ का खालपर्यंत?

तनया: नको. तिनं आत घेतलं तर जेवायला थांबू नका. नाही घेतलं, तर येतेच मी पाच मिनिटांत.