खालच्या पाइपातली स्प्रिंग

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वर्कशॉपच्या सर्वांत जुन्या ग्राहक आणि आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या आदरणीय बाई. व्यासपीठावर, म्हणजे गाड्या वर उचलायच्या तीन नंबरच्या लिफ्टसमोर टाकलेल्या फळ्यांवर, विराजमान झालेले आपले मालक. आजचे सत्कारमूर्ती मास्तर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी. समोर बसलेले सन्माननीय ग्राहक, सुटे भाग पुरवणारे व्यापारी, आणि कामाच्या कपड्यांतच मागे उभे असलेले माझे सहकारी.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मास्तरांच्या शेजारच्या लिफ्टवर मी सव्वीस वर्षं काढली. हिशेबाने पाच वर्षांना एक मिनिट येतं. भागवून घेतो.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. चौघांनीही मास्तरांना देवमाणूस म्हटलं. मला वाटलं होतं, निदान सुट्या भागांचे शेठ काही वेगळं बोलतील, कारण मास्तरांनी त्यांचा माल जितका परत पाठवला तितका कुणीच पाठवला नसेल. पण तेही तेच म्हणाले. आता मी पाचवा. मी काही वेगळं म्हणालो, तर आपण म्हणाल, याच्या पोटात दुखतंय. तर मी आधीच सांगून टाकतो. दुखतंय. सव्वीस वर्षं दुखतंय. त्यावर औषध नाही, आणि असलं तरी ते मास्तरांनाच ठाऊक असणार.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते. मग हे नाव कसं पडलं? त्यांची रीतच तशी. तापणारी जुनी गाडी दारात आली, की आम्ही बाकीचे बॉनेट उघडायला धावतो. मास्तर बॉनेटला हात लावत नाहीत. ते गाडीवाल्याला विचारतात, "कधी तापते? उभी असताना की पळताना? चढावर की सपाटीवर? हीटर लावला तर काटा खाली येतो का?" समोरचा उत्तरं देत देत शेवटी स्वतःच म्हणतो, "म्हणजे पंखा फिरत नसेल का हो?" आणि मास्तर म्हणतात, "बघू या." पंखाच निघतो. माणूस खूश होऊन जातो, कारण रोग त्यानेच ओळखलेला असतो. उभी असताना तापली तर वाऱ्याची अडचण, पळताना तापली तर पाण्याची. इतकं साधं आहे. मलाही येतं ते. पण मी सांगितलं, की लोक म्हणतात, "बरं, एकदा मास्तरांना विचारू या का?"

आपण हसताय. घरीसुद्धा हेच आहे. एकदा सासूबाईंना ताप आला, तर माझी धाकटी म्हणाली, "बाबा, मास्तरकाकांना बोलवा ना, त्यांना तापलेलं कळतं." सौभाग्यवती तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी डॉक्टरांना फोन केला, आणि त्या रात्री जेवलो नाही.

मी त्यांची रीत उचलायचा प्रयत्नही केला, हे मान्य करतो. ते इंजिनचा आवाज ऐकतात तसा एकदा एका गाडीजवळ डोळे मिटून, मान तिरकी करून उभा राहिलो. गाडीवाले गृहस्थ दोन मिनिटं थांबले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" दुसऱ्यांदा मी प्रश्न विचारायला लागलो, तर त्या बाई म्हणाल्या, "अहो, मला माहीत असतं तर गाडी इथे कशाला आणली असती?" तोच प्रश्न मास्तरांनी विचारला की ती पद्धत होते, आणि मी विचारला की अज्ञान होतं. हा न्याय कुठला?

माझ्या या मनगटावर पांढरा डाग आहे. मागच्या रांगेला दिसणार नाही. गरम रेडिएटरचं झाकण घाईने उघडलं, त्याची खूण. मास्तरांचे हात बघा. चाळीस वर्षं तापलेल्या गाड्यांत घालूनही एक ओरखडा नाही, कारण ते थांबतात. इंजिन थंड होईपर्यंत बाकावर बसून राहतात. त्यांची ही बसण्याची सवय मला सर्वांत जास्त खुपते. मी धावपळ करून चार गाड्या काढतो आणि ते बसून दोन काढतात, आणि नाव बसणाऱ्याचं होतं.

असो. विषयावर येतो.

माझ्यानंतर बाई अध्यक्षीय भाषण करतील, आणि त्यात त्या आपल्या हिरव्या गाडीची गोष्ट सांगतील. आपल्या वर्कशॉपचा एकही समारंभ त्या गोष्टीशिवाय पार पडलेला नाही. मालकांच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात सांगितली, नव्या शेडच्या उद्घाटनाला सांगितली, मागच्या वर्षी वर्तमानपत्राचा माणूस आला होता त्यालाही सांगितली. मी प्रत्येक वेळी समोर बसून ऐकली. बाई, आपली क्षमा मागून ही गोष्ट आज मी सांगतो. माझ्याकडून ऐकल्यावर ती आपल्याला जरा वेगळी वाटेल.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी तेव्हाच वीस वर्षांची होती. बाई दर शनिवारी दीडशे किलोमीटरवर थोरल्या बहिणीकडे जायच्या. बहीण अंथरुणाला खिळलेल्या, शनिवारची वाट बघत बसणाऱ्या. गावात गाडी दिवसभर फिरवा, काटा मध्यावर. मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला, की वीस मिनिटांत काटा लाल पट्ट्यात. दोनदा बाई भर दुपारी रस्त्याकडेला अडकल्या. दोन शनिवार ताईंकडे कुणी पोहोचलं नाही.

गाडी माझ्या लिफ्टवर होती. मी थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटर उतरवून धुतला. झाकण बदललं. वॉटर पंप बदलला. गाडी गावात नीट, मोठ्या रस्त्यावर पुन्हा तीच रड. तीन आठवडे गेले. शेवटी मी छातीठोकपणे सांगितलं, हेड गॅस्केट गेलं आहे, इंजिन उघडावं लागेल. बाईंचा चेहरा पडला. मालक म्हणाले, "उघडण्याआधी एकदा मास्तरांना दाखवू या." आता सांगा, माझ्या जागी आपण असता तर आपल्याला काय वाटलं असतं?

मास्तर आले. विचारलं, "पळतानाच तापते ना?" मग मला गाडीत बसवलं, इंजिन गरम होऊ दिलं आणि म्हणाले, "रेस दे आणि धरून ठेव." ते स्वतः रेडिएटरच्या खालच्या पाइपाकडे बघत उभे राहिले. मग मला खाली बोलावलं, रेस दुसऱ्याच्या हाती दिली आणि विचारलं, "काय दिसतं?"

पाइप आत ओढला जात होता. लहान मूल गाल आत ओढतं तसा. इंजिनचा वेग वाढला, की पंप खालून जोरात पाणी खेचतो. नवा रबरी पाइप त्या ओढीने चपटा होत होता, आणि पाण्याची वाटच बंद. वेग कमी केला की पाइप पुन्हा फुगतो. मग गावात तापेल कशी?

मास्तर म्हणाले, "या पाइपात स्प्रिंग असते. पाइप मिटू नये म्हणून. ती कुठे गेली?"

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुढे बाई म्हणतात, आधी कधीतरी, कुठल्या तरी गॅरेजात, कोणीतरी ती स्प्रिंग काढून टाकली होती. मग टाळ्या पडतात.

ती स्प्रिंग मी काढली होती. तापण्याचा त्रास सुरू होण्याच्या आठवडाभर आधी. जुना पाइप फुगला होता म्हणून मी तो बदलला. आतून गंजलेल्या स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले. मला वाटलं, कुणा कारागिराने घातलेलं ठिगळ असेल. भंगाराच्या पिंपात टाकले, नवा पाइप बसवला, रजिस्टरवर सही ठोकली. आणि नंतर तीन आठवडे गाडीतला प्रत्येक भाग तपासला, फक्त स्वतः बसवलेला पाइप सोडून. तो मी बसवला होता ना, मग तो चुकीचा कसा असेल?

मास्तरांनी विचारलं तेव्हा हे सगळं मला एका क्षणात कळलं. आणि मी म्हणालो, "आधीच कोणीतरी काढली असेल."

ज्या माणसाने समोरच्याकडून खरं उत्तर काढल्याशिवाय कधी प्रश्न सोडला नाही, त्याने तो प्रश्न तिथेच सोडला. रजिस्टर उघडलं. आदल्या पानावर, पाइप बदलल्याच्या नोंदीखाली, माझी सही होती. ती त्यांना दिसली, हे मला दिसलं. त्यांनी पान उलटून लिहिलं, 'खालच्या पाइपात आधीपासून स्प्रिंग नव्हती, नवी बसवली.' बाईंनाही तेच सांगितलं. मग मला म्हणाले, "चहा घेतोस का?" त्यानंतर अकरा वर्षांत एक शब्द नाही. रागाचा नाही, टोमण्याचा नाही.

मी त्यांचा हेवा हुशारीसाठी करतो असं आपल्याला वाटत असेल. हुशारी मी सोसली असती. पण त्या दिवशी त्यांनी गाडीही बरी केली आणि वर मोठेपणाही घेतला, आणि तोही गुपचूप. त्या मोठेपणात निम्मा वाटा माझ्या चुकीचा होता. मला मात्र त्यातलं काही मिळालं नाही. ते मला चार लोकांत ओरडले असते, तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, आठवडाभर अबोला धरला असता आणि मोकळा झालो असतो. तेवढंही त्यांनी मला करू दिलं नाही.

आज हे का बोलतोय? काल मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मास्तरांची जागा तुम्हालाच द्यायची, उद्या चहानंतर जाहीर करतो. त्यांनीच लेखी तुमचं नाव सुचवलंय. लिहिलंय, याच्या हातून कामात कधी चूक झालेली नाही."

सव्वीस वर्षं मी ज्या जागेकडे डोळे लावून बसलो, ती मिळाली आणि जिना उतरेपर्यंत आनंद गेलाही. जागा मिळतेय, तीही त्यांच्या शब्दावर. आणि तो शब्द खोटा आहे. मास्तर, तुम्ही आयुष्यात लिहिलेल्या दोनच खोट्या ओळी मला माहीत आहेत, आणि दोन्ही माझ्यासाठी.

मालक, ते पत्र बाजूला ठेवून आपण पुन्हा विचार करा. चार गाड्या काढणारा हवा असेल, तर मी आहे. न चुकणारा हवा असेल, तर तो आज निवृत्त होतोय. आणि बाई, आपल्या गोष्टीत यापुढे जिथे 'कोणीतरी' हा शब्द येतो, तिथे माझं नाव घ्या. ते दोन शनिवार मी खाल्ले. मास्तरांकडे सगळंच आहे, निदान माझी चूक तरी त्यांनी मला परत द्यावी.

मास्तरांना आणि वहिनींना निरोगी, निवांत दिवस लाभोत. अध्यक्षांनी आपल्या आधी बोलू दिलं, मालकांनी मध्येच खाली बसवलं नाही आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सांभाळून घ्या. स्प्रिंगचं मात्र सांभाळून घेऊ नका. ते अकरा वर्षं घेऊन झालंय.