कॅम्प चारचा आरसा

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बुद्धभूषण सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आज जमलो त्या आपल्या प्रीतीताई, आणि समोसे येईपर्यंत धीराने बसलेल्या बंधू-भगिनींनो,

आधी हिशेब. आपल्या वनस्पती अभ्यास मंडळाचा आरसा माझ्या दुकानात ठेवायला मला काय पडलं? मशीन मंडळाचं, विजेचं बिल मंडळाचं. माझा गेला तो दुकानातला सगळ्यात थंड कोपरा, दुपारची झोप, आणि काही काळ शेजारच्या लच्छूभाईंची मैत्री. त्यांचा धंदा काचेचा. "साईं, मिरर लगाया और मेरे को पूछा भी नहीं?" म्हणून रुसून बसले. शेवटी आरशाची देखभाल करणाऱ्या प्रीतीताईंनी समजावलं, की मंडळाची मूळ वेबसाइट पुण्यात, तिची हुबेहूब प्रत इथे. पुणं बंद पडलं तरी झाडांची माहिती शोधणाऱ्याचं काम अडू नये. लच्छूभाई खूश झाले. "मतलब डुप्लिकेट माल! फिर तो सही जगह आए हो." आमचं कॅम्प चार डुप्लिकेट मालासाठीच तर नावाजलेलं.

हसा, हसा. ताई मात्र हसत नाहीयेत. ताई, एवढी चुळबुळ का? स्वतःचं कौतुक ऐकायची सवय नाही हो त्यांना. खरं सांगू, मलाही आज कसंतरीच होतंय. कानाला काहीतरी सुनं सुनं वाटतंय. माणूस जायला निघालं की असंच होत असावं.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. गटाराच्या खोदकामात आमची केबल तुटली. आरसा चालू, पण जगाशी संबंध नाही. मी आठवडाभर फोन करून करून केबलवाल्यांना वीट आणला. शेवटी त्यांचा माणूस, जांभूळ गावचा जनू आला, खड्ड्यात उतरला, आणि तेवढ्यात ताईंचा फोन. "दादा, केबल जोडू देऊ नका!"

झालं होतं असं, की पुण्यात कुणाच्या तरी हातून चुकून मूळ वेबसाइटच पुसली गेली. राखीव प्रत उघडेना. बाकीच्या गावांतल्या आरशांनी इमानदारीने स्वतःलाही पुसून घेतलं. आरसाच तो! समोर रिकामी खोली असली तर दुसरं काय दाखवणार? उरला फक्त आमचा, तोही केबल तुटली होती म्हणून.

मी खड्ड्यापाशी धावलो. "जनू, वर ये!"

"ओ शेठ, हप्ताभर तुमीच माजं डोकं खाल्लं, आन आता जोडतो तं वर ये?"

"चहा घे."

"हातात वायर हाय."

"ठेव ती वायर. वडापाव पण मागवतो."

शिरगावहून ताई रिक्षाने आल्या, थेट दुकानात शिरल्या आणि मशीनमागची नेटची वायर उपसली. एवढंच करायचं होतं, हे मला सुचलंच नव्हतं. तोवर बाहेर जनूचा तिसरा वडापाव चालू होता.

मग त्यांनी प्रत काढली, आणि उभा संग्रह, पानाफुलांच्या फोटोंसकट, कॅम्प चारमधून पुण्याला परत गेला. लच्छूभाई अजून गिऱ्हाइकांना सांगतात, "डुप्लिकेट से ओरिजिनल बना, हमारी गली में."

अध्यक्ष सर, आता जरा स्पष्ट बोलतो. माझे कान तिखट आहेत. मघाशी चहाच्या वेळी तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "ताईंच्या जागी माणूस मिळत नाही. इथला आरसा बंदच करू. लक्ष कोण ठेवणार?" सर, मी ठेवणार. या भिंतीपलीकडे माझं दुकान. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असतानासुद्धा मशीनचा पंखा जरा अडखळला तर मला कळतं. आरसा बंद पडला आणि मला कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही, पुढेही होणार नाही. तेव्हा एवढा ठराव मागे घ्या. ज्या आरशाने संस्था तारली, त्याला ताईंबरोबर निरोप देऊ नका.

ताई, तुम्ही उठलात कशाला? सत्कारमूर्तीने बसून राहायचं असतं. काय म्हणताय? या, माइकवरच बोला. सगळ्यांना ऐकू दे.

"दादा, या माइकची वायर तुमच्या दुकानात कुठल्या प्लगला लावलीय?"

हेमंत, माइक तूच जोडलास ना, कुठे लावलीस रे वायर?

…बरं.

अध्यक्ष महोदय, पाहुणे मंडळी, आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. हेमंतला दुसरा प्लग सापडला नाही. कार्यक्रम सुरू झाल्यापासून आरसा बंद आहे.