कोरड्या बाटलीतलं पाणी

प्राचार्य मॅडम, मामी, मामांच्या घरची मंडळी, सहकारी आणि आजी-माजी विद्यार्थी,

मी कमी बोलतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. वर्गात रसायनशास्त्र शिकवतो, तेवढंच. शोकसभेत बोलायची माझी ही पहिलीच वेळ. कागद हातात आहे, तरी सुरुवात जमत नाही. 'दशरथमामा गेले' एवढे दोन शब्द कालपासून तोंडातून निघत नाहीत.

पण मी एका कारणासाठी उठलो आहे. आत्ता शोकप्रस्ताव वाचला गेला. 'प्रयोगशाळा परिचर म्हणून प्रामाणिक सेवा केली.' खरं आहे. पण अपुरं आहे. मला त्यात एक दुरुस्ती हवी आहे. ती का हवी, तेवढं सांगतो.

मी कॉलेजात नवीन होतो. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण तयार करायचं होतं. मी पाठ असलेलं सूत्र लिहिलं, अणुभारांची बेरीज केली, नव्वद आली. त्यावरून किती ग्रॅम आम्ल घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहून मामांना दिलं. मामा तराजूपाशी बाटली घेऊन उभे होते. चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "सर, हिच्यात पानी हाय."

मी बाटली तिरपी करून पाहिली. पांढरे खडे. हलवली, तर खुळखुळ वाजली. म्हणालो, "मामा, ठणठणीत कोरडी आहे."

"तसं न्हाई सर. पानी हाय हिच्यात."

"तहान लागली असेल तर पिऊन या. वजन तुम्ही करा, हिशोब मी करतो."

हो, हे मीच म्हणालो. दोन सहकारी शेजारी होते, ते हसले. मामा हसले नाहीत. चिठ्ठीप्रमाणे वजन करून दिलं. द्रावण एकदा तपासून पाहायला हवं होतं. मी तेही केलं नाही.

परीक्षेचा दिवस. वीस मुलांची पहिली बॅच. वर ब्युरेटच्या उभ्या नळीत जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये आमचं गरम केलेलं आम्ल. थेंब थेंब सोडायचं, फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं तो आकडा वाचायचा. दहाच्या आसपास यायला हवा. पहिल्या मुलाचा आला सात पॉइंट एक. दुसऱ्याचा सात पॉइंट दोन. तिसऱ्याचा पुन्हा सात पॉइंट एक. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम टेबलामागून टेबल पाहत गेल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. "काय हो, वर्षभर मुलांना शिकवलंत, की नुसतं बसवलंत? यांना गुण कशाचे देऊ?"

मुलं एकमेकांकडे पाहत होती. स्नेहल, तू पहिल्या टेबलावर होतीस. रडत होतीस.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मामा हात पुसत आले. "मॅडम, एक बोलू? एक पोरगं चुकलं, तर पोरगं चुकलं. पर वीसच्या वीस सारखीच चुकली, तर पोरं बरोबर हायेत. द्रावन चुकलंय."

"आपण कोण?"

"मी बाटल्या धुतो."

"असं? मग किती चुकलंय तेही सांगून टाका."

मामांनी खडू उचलला. फळ्यावर लिहिलं नव्वद. त्याखाली छत्तीस. बेरीज एकशे सव्वीस. म्हणाले, "हे आम्ल दिसतं कोरडं, पर त्याच्या दर रेणूमागं पान्याचे दोन रेणू खड्यातच बांधलेले असत्यात. बाटलीवर लिवलेलं हाय. त्यांचं हे छत्तीस वजन धरायचं आमच्याकडून राहिलं. आता नव्वदला एकशे सव्वीसनं भागा आणि दहानं गुणा."

मॅडमनी मोबाइल काढला. "सात पॉइंट चौदा."

मित्रांनो, वीस मुलांनी एकदम आपापल्या कागदाकडे पाहिलं. मी तो क्षण विसरू शकत नाही.

मामांनी 'आमच्याकडून' म्हटलं. 'सरांकडून' म्हटलं नाही. 'मी सांगितलं होतं' असंही म्हटलं नाही. आणि मी गप्प राहिलो. आज सांगतो. माझ्याकडून. चूक माझी होती.

मॅडमच्या समोर मामांनी नवीन द्रावण केलं. स्नेहलनं ब्युरेटची तोटी उघडली. थेंब, थेंब, गुलाबी. आणि ही मुलगी परीक्षेत मोठ्यानं ओरडली, "दहा!" मग दचकून तोंडावर हात ठेवला. मॅडम म्हणाल्या, "ओरड गं, ओरड." वीसच्या वीस मुलं त्या दिवशी पास झाली.

संध्याकाळी मी विचारलं, "मामा, हे शिकलात कुठे?"

"मागच्या खोलीत. पहिल्या सरांचा आवाज लई मोठा व्हता. तुमचा काय ऐकू येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्यानं शिकवू लागलो. आणि मागच्या खोलीचं दार उघडं ठेवू लागलो. आमच्या प्रयोगशाळेत त्यानंतर एकही द्रावण मामांच्या सहीशिवाय टेबलावर गेलं नाही. मामा निवृत्त होईपर्यंत.

मग शनिवार सुरू झाले. रसायनशास्त्रात नापास झालेली मुलं मामांच्या खोलीत बसायची. मामा अणूपासून सुरू करायचे. "सोडियमला एक इलेक्ट्रॉन जड झालाय, क्लोरीनला एक कमी पडतोय. देऊन टाकला की दोघं निवांत." तिथून समीकरणं, तिथून हिशोब. "मोल म्हंजे किंमत न्हवं रं. मोल म्हंजे मोजदाद. आधी मोजा, मग तोला." मला जे तासभर सांगून जमायचं नाही, ते तिथं जमायचं. त्या खोलीतली किती जणं आज इथे आली आहेत, ते मला इथून दिसतंय. विश्रांतवाडीपासून लोणी काळभोरपर्यंतची मुलं आहेत. कोणी नर्स आहे, कोणी औषधांच्या कारखान्यात आहे. स्नेहल आज स्वतः शिकवते.

मामी, मघाशी दारात तुम्ही मला म्हणालात, "ते कॉलेजात बाटल्या धुयाचे, एवढंच आमाला ठावं." घरी त्यांनी बाकी काही सांगितलंच नव्हतं. मामी, ते बाटल्या धुवायचे. आणि ते आम्हाला शिकवायचे. मलासुद्धा.

प्राचार्य मॅडम, माझी दुरुस्ती अशी आहे. प्रस्तावात 'परिचर' या शब्दापुढे 'आणि रसायनशास्त्राचे शिक्षक' असं लिहावं. सभेत ज्यांना हे मान्य आहे, त्यांनी कृपया उभं राहावं.

मामी, जरा मागे वळून पाहा.

मॅडम, लिहून घ्या. आणि आता कोणी बसू नका. असेच उभे राहू, दोन मिनिटं, न बोलता.

आपल्या दशरथ सरांसाठी.