सरकारची सून

आधीच सांगते, नाव लिहू नका. बाकी सगळं लिहा, मी कशी वागले तेही लिहा, पण नाव नको. आणि माझ्या भावाचं तर अजिबात नको, त्याला आपण धाकटा म्हणू, मी घरात तसंच म्हणते.

आम्ही चिंचवडचे. म्हणजे आता तिथे मॉल झालेत आणि काय काय झालंय, पण आमच्या वेळी कारखान्याची कॉलनी म्हणजेच आमचं जग. अण्णा, माझे वडील, सरकारी कारखान्यात फिटर होते. क्वार्टर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, दिवाळीला मिठाईचा पुडाही कारखान्याचाच, त्यातली सोनपापडी कुणाला मिळणार म्हणून माझी आणि धाकट्याची मारामारी. मी चार वर्षांनी मोठी, त्यामुळे सोनपापडी मलाच. तेव्हापासून मला सवय लागली हो, की मी बोलायचं आणि धाकट्याने ऐकायचं. काय सांगू तुम्हाला, पन्नाशी उलटली तरी ती सवय गेली नाही.

मी कॉम्प्युटरमध्ये डिप्लोमा केला, लग्न झालं, नवऱ्याला इथे, डच लोकांच्या देशात काम मिळालं, तो लायडनला संशोधनाच्या कंपनीत आणि आम्ही राहायला झूटरमेरला, कारण घर परवडलं तिथे. पहिली दोन वर्षं मी घरी, मुलगी लहान, डच येत नाही, सुपरमार्केटमध्ये मीठ समजून भलतंच काहीतरी आणलंय मी. मग टेस्टरची नोकरी लागली. टिलबर्गला मोठमोठी गोदामं आहेत ना, तिथल्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग, कुठला खोका कुठल्या पट्ट्यावरून जाणार ते. चौदा वर्षं तेच केलं. मला त्याचा फार अभिमान होता. कुणी विचारो न विचारो, मी सांगायची की मी या देशात कुणाकडून काही फुकट घेतलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी असताना सुद्धा सांगायची. हे डच लोक बघा, नोकरी गेली की आउटकेरिंग घेतात, म्हणजे सरकारचा बेकारी भत्ता, आणि जातात कॅम्पिंगला, सरकारने लाडावून ठेवलंय, नोकऱ्या आणि पगार ही सरकारची कामंच नव्हेत, सरकारने रस्ते बांधावेत आणि गप्प बसावं. बायका मान डोलवायच्या. आता वाटतं, त्यातल्या एखादीच्या घरी तेव्हा भत्ता चालू असेल, तिने ताट हातात धरून माझं ऐकलं असेल. ते आठवलं की मला जेवण जात नाही.

धाकटा कॅनडात. एडमंटनला, बर्फातच म्हणा ना. तिथे तेलाच्या कामांवर वेल्डिंग तपासणारा इन्स्पेक्टर होता. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल, माझी दुपार, त्याची सकाळ, आणि कॉल म्हणजे भांडण. त्यांच्याकडे निवडणूक आली की मग तर बघायलाच नको. तो एका उमेदवाराची पत्रकं वाटायचा, त्या उमेदवाराचं म्हणणं की किमान पगार सरकारने वाढवावा, तेलाची कामं बंद पडली तर माणसांना नवीन काम शिकवायची जबाबदारी सरकारने घ्यावी. मी म्हणायची, अरे, सरकार म्हणजे काय तुझी आई आहे का. तो म्हणायचा, ताई, अण्णांना पगार कोण देत होतं, आपली शाळा कुणाची होती? मी म्हणायची, ते वेगळं. काय वेगळं होतं ते मात्र मला कधी सांगता आलं नाही, मी विषय बदलायची आणि आवाज चढवायची.

मग एका रविवारी तो म्हणाला, ताई, माझं काम सुटलं. म्हणाला, सध्या इथला बेकारीचा विमा घेतोय, सोबत एक कोर्स करतोय, अजून बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, सासरी तर नाहीच, योग्य वेळी मी सांगेन. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं मी. कसा आहेस, जेवतोस का नीट, काही नाही. आणि पुढच्याच मिनिटाला त्याने परत त्या उमेदवाराचा विषय काढला, तर माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आता तर तू म्हणणारच. त्याने कॉल ठेवला.

आता ऐका मी काय केलं ते. त्या वर्षी अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, चिंचवडला हॉल घेतला होता, आणि त्यासाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, सगळे नातेवाईक, व्याही, विहिणी, आचारी ठरवण्यापासून सगळं त्यात. आणि दुसरा एक आमचा चार चुलतबहिणींचा ग्रुप होता, टवाळक्या करायचा. दोन्हींवर अण्णांचाच फोटो लावलेला, तोही मीच लावलेला. मी रागात टाइप केलं, एका दमात, आणि पाठवलं.

“आमचे धाकटे साहेब आता सरकारचे जावई झालेत. काम ना धाम, घरबसल्या भत्ता, वर आम्हाला अर्थशास्त्र शिकवतात.”

आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले ते तीन चेहरे. पाठवलं आणि उठून भांडी घासायला गेले. परत येऊन बघते तर खाली आचाऱ्याचा मेसेज, पुरणपोळी की श्रीखंड. मला आधी कळेचना की बहिणींच्या ग्रुपमध्ये आचारी कसा आला. बाई गं! साताऱ्याचे नाना, म्हणजे धाकट्याचे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय मानी माणूस, त्यांनी वाचलं होतं. ग्रुपवर चाळीस माणसं होती.

मी मेसेज पुसला. आणि खाली लिहिलं, सॉरी, चुकीचा ग्रुप. आणि हात जोडलेले. म्हणजे बघा, मी माफी कशाची मागितली तर ग्रुप चुकल्याची. जे लिहिलं त्याची नाही.

धाकटा कार्यक्रमाला आला नाही. तिकीट काढलेलं होतं त्याने, ते रद्द केलं. त्याची बायको आणि मुलगी आल्या. हॉलमध्ये अण्णांना चांदीच्या ताम्हनातून चंद्र दाखवला, एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, आणि सगळ्यांनी विचारलं धाकटा कुठे, आणि माझी भावजय म्हणाली की त्यांची कामाची गडबड आहे. माझ्याकडे न बघता म्हणाली. नानांनी मला वाकून नमस्कारही करू दिला नाही, असू दे असू दे म्हणत दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यानंतर रविवारचा कॉल बंद. वाढदिवसाला एक ओळ तो पाठवायचा, एक ओळ मी. त्याला पुढे नोकरी लागली, त्या कोर्समुळेच लागली, ते मला अण्णांकडून कळलं. तरी मी म्हणत राहिले, त्याने एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं, आपल्यात म्हणतातच की सरकारचे जावई, गंमत असते ती. चार वर्षं मी हेच म्हटलं.

आणि गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. काही भांडणतंटा नाही, गोदामाचं सॉफ्टवेअर आता स्वतःच स्वतःला तपासतं म्हणे. साहेब चांगला होता, त्याने कॉफी आणून दिली आणि सांगितलं. घरी आले आणि बुटांसकट सोफ्यावर बसून राहिले.

नवरा म्हणाला, भत्त्याचा अर्ज कर. मी म्हटलं, मी नाही घेणार. तो म्हणाला, बरं, मग घराचा हप्ता तुझ्या अभिमानातून भरू. मुलगी तर हसायलाच लागली, तिचं मराठी अर्धं, मम्मा, इट्स इन्शुरन्स, तू पण तर भरत होतीस ना इतकी वर्षं. केला अर्ज. पहिल्या भेटीला गेले तेव्हा समोर मार्योलाइन नावाची सल्लागार, माझ्या मुलीहून थोडी मोठी असेल, आणि मी तिला पहिलं वाक्य काय म्हणावं, तर आय ॲम व्हेरी सॉरी. तिने विचारलं, कशाबद्दल? मी कागदांची फाइल तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, तुमच्या घरातला नळ फुटला आणि विम्याने दुरुस्त केला, तर तुम्ही विमेवाल्याची माफी मागता का? मी नाही म्हटलं. पण मनातून मी मागत होते, आणि तिची नव्हतेच मागत.

आणि मला वाटलं होतं, भत्ता म्हणजे आरामच आराम. अहो, कसला जावई आणि कसलं काय! चार आठवड्यांत चार अर्ज करायचे, कुठे केला, कधी केला, काय उत्तर आलं, सगळं वेबसाइटवर नोंदवायचं. अधेमधे दोन दिवस कुठे काम केलं तर सांगायचं. आजारी पडलात तर सांगायचं. बावन्नाव्या वर्षी माझा सीव्ही एक मुलगा बघणार आणि म्हणणार, खूप छान अनुभव आहे, आणि मग काहीच नाही. मंडळात कुणाला सांगितलं नाही. गेल्या गणपतीत एकीने विचारलं, काय, टिलबर्ग काय म्हणतंय? मी म्हटलं, चालूय की, नवीन प्रोजेक्ट. मोदक हातात होता, बाप्पा समोर होता, आणि मी सरळ खोटं बोलले.

मग जानेवारीत अण्णांची तब्येत बिघडली. मला जायचं होतं, आणि भत्त्यावर असताना सुट्टीवर गेलात की तेही कळवावं लागतं, किती दिवस, कधीपासून कधीपर्यंत. मी मार्योलाइनला फोन लावला आणि विचारलं, वडील आजारी आहेत, मी जाऊ का? ती म्हणाली, विचारायचं नसतं, नुसतं कळवायचं. मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं की बाई, तू माहेरी जायची परवानगी मागितलीस. माझी आजी अशी सासूसमोर उभी राहायची म्हणे, पदर धरून, चार दिवस जाऊन येऊ का. मी सरकारची जावई नव्हते हो, मी सून होते, आणि धाकटाही सूनच होता, अर्ज मोजत, हिशेब देत, खालमानेने, आणि त्या माणसाला मी चाळीस लोकांत जावई म्हटलं. आधी हसू आलं मला. मग इतकं रडू आलं की नवरा वरून धावत खाली आला.

चिंचवडला अण्णा कॉटवर. आवाज बारीक झालेला, पण डोकं तल्लख. त्यांनी विचारलं, ऑफिसने रजा दिली का गं? मी म्हटलं, दिली. ते छताकडे बघत म्हणाले, धाकट्याचं काम गेलं होतं ना, त्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. बस, एवढंच. त्यांना काय कळलं होतं, कोण जाणे. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशी उभी राहून तो ग्रुप उघडला. अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन. अजून होता, चाळीसच्या चाळीस जण होते, शेवटचा मेसेज हॉलच्या डिपॉझिटचा. मी लिहिलं, माझी नोकरी गेली आहे, सात महिने मी सरकारचा बेकारी भत्ता घेते आहे, आणि चार वर्षांपूर्वी याच ग्रुपवर मी माझ्या भावाला जे म्हटलं त्याची मला लाज वाटते. तेव्हा मी चुकीच्या ग्रुपची माफी मागितली होती, आज त्या शब्दाची मागते. पाठवलं. चहा उतू गेला तो गेलाच.

पहिलं उत्तर नानांचं आलं. ताई, प्रकृतीस जपा. बाकी बऱ्याच जणांनी हात जोडले, एका मावशीने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. मेसेज कुणी कुणी वाचला त्या यादीत धाकट्याचं नाव दिसलं आणि पुढे काही नाही. दोन दिवस मी फोन उशाशी घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. रात्री फोन वाजला, त्याची सकाळ.

“ताई, या महिन्यात अर्ज किती झाले?”

मी म्हटलं, तीन. तो म्हणाला, चौथा आजच करून टाक, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, मी ठेवायचो आणि मग झोप लागायची नाही. सकाळी अंघोळ करून, नीट कपडे घालून बसत जा. मी म्हटलं, धाकट्या, मी तुला जे म्हटलं... तो म्हणाला, राहू दे.

“भत्त्याचं नाही लागलं गं मला. नानांना मी स्वतः सांगणार होतो, त्याच संध्याकाळी. ते माझं सांगणं होतं, ते तू घेतलंस.”

सोनपापडी परत देता आली असती एक वेळ. मी नुसतं हो म्हटलं. आणि तो म्हणाला, चल, चौथा अर्ज कर, मी लाइनवर थांबतो.

आता दर रविवारी फोन असतो. राजकारणावर अजून भांडतो आम्ही, पण आधी अर्ज मोजतो. मला अजून काम लागलेलं नाही. भत्ता आणखी काही महिने मिळेल, मग बघू. अण्णा आहेत, हळूहळू आहेत. तुमची नोकरी टिको बाबा, आणि नाही टिकली तर फोन करा मला, तो फॉर्म आता मला पाठ आहे.

आणि थांबा, ते नावाचं. लिहा. त्याचं मी त्याला न विचारता चाळीस जणांत सांगितलं, माझं निदान मी सांगतेय. लिहा, वैशाली. राहणार झूटरमेर. सध्या नोकरी नाही.