डबीतली मेहुणी

…नाही, मी काय म्हणतो, दिवा लावायला भिंतीवर बटण होतं, त्यात वाईट काय होतं? हात वर करायचा, टक् करायचं, उजेड. पण नाही. आमच्या चिरंजीवांनी सगळी बटणं उपटून त्या जागी गिलावा करून घेतला आणि फळीवर एक काळी, गुळगुळीत, मुठीएवढी डबी आणून ठेवली. म्हणाला, "बाबा, आता नुसतं बोलायचं. हिचं नाव मावशी." तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोला सख्खी बहीण नव्हती, जन्मभर तिला त्याची हळहळ… ती बिचारी गेली, आणि मग तिला बहीण मिळाली. डबीतून.

आता मुलाची मावशी म्हणजे माझी कोण? मेहुणी. आणि मेहुणीला माणूस तोंड उघडल्या उघडल्या 'दिवा', 'पंखा', 'दार' असं फर्मावतो का? आधी खुशाली विचारतो. त्यातून मी पडलो वेताच्या खुर्च्या विणणारा, वेत भिजल्याशिवाय वाकत नाही आणि शब्द घोळल्याशिवाय माझ्या तोंडातून निघत नाही. तर मी म्हणायचो, "मावशी, बरी आहेस ना, कामात नसशील तर तेवढा…" की लगेच ती, "क्षमा करा, मला समजलं नाही." अगं, समजणार कसं, मी अजून सांगितलंय कुठे? "क्षमा करा." बरं, मला काही घाई नव्हती. पुन्हा पहिल्यापासून.

एकदा सर्दी झालेली. म्हटलं, "मावशी, पंखा लाव…" आणि दम घेतला. पुढे म्हणायचं होतं, "…असं मी म्हणत नाही, तू बस, मी आपली खिडकी उघडतो." पण तोवर पंखा असा गरगरला की माझी टोपी स्वयंपाकघरात.

मुलाला सांगावं, तर तो त्याच्या जुन्या कंप्यूटरपुढे. हो, ते राहिलंच. त्याला जुने कंप्यूटर जमवायचा नाद. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. लोक भंगारात टाकतात, हा उचलून आणतो, पुसतो, पांघरूण घालतो. त्यातला एक तर कॅसेटवर चालतो. कॅसेट घालायची, ती टीं… किर्र… टीं… करत बसते, आणि हा हाताची घडी घालून पुढ्यात, चहा गार होऊन वर साय धरेपर्यंत. मी म्हटलं, "अरे, हा तर माझ्यापेक्षा हळू." तर म्हणतो, "बाबा, चाळीस वर्षांचा आहे तो. त्याला वेळ द्यावा लागतो." बरं, मला काही घाई नव्हती. मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, त्याला काही सुचतंय का म्हणून. नाही सुचलं.

आणि अशात सूनबाईच्या भावानं नवीन घर घेतलं, चार दिवस या म्हणाला, दोघं निघाली. मी म्हटलं, मी इथंच राहतो. मुलगा म्हणाला, "एकटे? नको, आक्काकडे जा." आक्का म्हणजे माझी लेक. गुणाची आहे, पण तिच्याकडे गेलं की मला पाहुण्यासारखं बसवते, पाण्याचं भांडं उचलायला गेलो तरी हातातून काढून घेते. मला माझी खुर्ची हवी, माझी खिडकी हवी, आणि घरात चार दिवस कोणी नको. मागणं काय फार मोठं आहे?

मुलगा म्हणाला, "ठीक आहे. माझ्यासमोर दार उघडून दाखवा. जमलं तर राहा, यापुढेही राहा. नाहीतर बॅग भरा, आणि पुन्हा हा विषय नको." आता दाराचंही तेच होतं, किल्लीचं भोक बुजवलेलं, आतली कडी काढलेली… का, तर मी चुकून लावीन. सगळं मावशीच्या हातात. मी घसा साफ केला. "मावशी, तेवढं दार…"

"क्षमा करा."

"सलग, बाबा, सलग बोला."

"सलगच बोलतोय रे."

"'सलग' नावाचं गाणं मिळालं नाही," मावशी म्हणाली.

मी बॅग काढायला वळलो. तर सूनबाई म्हणाली, "अरे, त्यांना जमत नाही तर तिला थांबायला शिकव ना. त्या कॅसेटवाल्याचे एवढे लाड करतोस." मुलगा हिरमुसला, पण बसला फोन घेऊन, खुडखुड केली, आणि मावशीला शिकवलं, की कोणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही, सगळं पुरतं शांत झालं की मगच हलायचं. आणि तुम्हाला सांगतो, मी बोललो, थांबलो, खोकलो, राहिलेलं बोललो, गप्प बसलो, आणि दार उघडलं.

चार दिवस काय गेले म्हणून सांगू. मी म्हणायचो, ती ऐकायची. सख्खी मेहुणी एवढं ऐकत नाही.

मग दोघं परत आली. दोघांचे फोन वाटेतच बॅटरी संपून झोपलेले. बाहेरून मुलगा, "मावशी, दार उघड."

"नाही उघडलं," सूनबाई.

"दिसतंय मला."

"मग परत म्हण ना."

"म्हणतोच आहे, तू बोलू देशील तर. मावशी, दार उघड."

"मोठ्यानं म्हण. बाबा, ओ बाबा, आत आहात ना?"

मी आतून म्हटलं, "बाळांनो, तुम्ही दोघं जरा गप्प…"

"बाबा काहीतरी म्हणतायत."

"काय म्हणतायत?"

"तू थांबलास तर कळेल."

"मी थांबू? मी?"

एवढ्यात शेजारीण आली, "काय झालं, अडकलं का? आमच्या वन्संकडे अस्संच झालं होतं…" आणि वन्संचं दार पहिल्यापासून सुरू. माझ्या लक्षात आलं, मी समजावायला गेलो तर तेही बोलणंच. मावशी बिचारी थांबलेली, शिकवलंच तसं तिला. मी खुर्ची दारापाशी ओढली आणि बसलो. बरं, मला काही घाई नव्हती.

बाहेर मात्र त्याच्या बहिणीची आणि तिच्या भावाची जुनी उणीदुणी निघाली, शेवटी सूनबाईनं अबोला धरला, त्यानंही धरला, आणि शेजारणीला कानकोंडं होऊन ती चपलेकडे बघत राहिली. सगळं शांत.

"दार उघडते," मावशी म्हणाली. "आणखी काही म्हणायचं आहे का?"

मुलगा आत आला. घामाघूम. मला खुर्चीत बसलेलं बघितलं, आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला एकटं ठेवण्यात काही अर्थ नाही."

तर निघालोय रविवारी, आक्काकडे. म्हटलं, असू दे, तिच्याकडे साधं दार आहे, कडी आहे, बटणं आहेत. तर सकाळी जावयाचा फोन. म्हणाला, "बाबा, काळजी करू नका, तुम्ही येताय म्हणून मुद्दाम सगळी बटणं काढून घेतोय."