अर्धा सूर खाली

...आन बेसूर म्हणाला त्यो सुपरवायझर मला, तेबी माईकवर, आख्ख्या डेअरीसमोर, आन तुमी म्हणताय सबिना, सोडून दे. कसं सोडून देऊ? तुमाला सांगते, माझी गिटार बेसूर नव्हती, अर्धा सूर खाली होती, अर्धाच, आन ती मी मुद्दाम तशी ठेवते. सहाच्या सहा तारा जरा सैल करायच्या, सगळ्या सारख्याच, मग असा आवाज येतो... थंडीत गोधडीत शिरल्यावाणी.

आमच्या वडगावच्या डेअरीत मी दुधाची फॅट तपासते आन दत्तोबाआबा दूध मापायचे. सकाळची गर्दी ओसरली की आबा म्हणायचे, "सबिना, ती तुझी खालच्या आवाजातली वाजीव गं जरा." आन माप मांडीवर घेऊन डोळं मिटून ऐकायचे. आता ह्या माणसाला सूर कळतो का न्हाय, तुमीच सांगा.

पण आमचा सुपरवायझर विजयसिंह, त्याला गाण्याचा नाद, आन साथीला दरवेळी माझी गिटार. सव्वीस जानेवारीला गायला उभा राहिला, तारा तपासायचं ॲप काढलं, मोबाईल माझ्या गिटारीला लावला आन नाकातनं म्हणतो कसा, "हे बघा मंडळी, लाल दाखवतंय. सूर जगात एकच ठरलेला हाय. हिला दुधातलं कळतं, सुरातलं न्हाय." लोक हसले. माझ्या सासूबाई, बिबीजान, पुढच्या रांगेत, त्याबी हसल्या. आन चार वर्सं ह्या माणसाचा आवाज वरच्या पट्टीत फाटला न्हाय, तो कुणामुळं? माझ्या अर्ध्या सुरामुळं. मी खाली वाजवायची म्हणून ह्यो वर पोचायचा, आन ह्याला पत्ता न्हाय.

सहा महिनं मी वाट बघितली. फॅट तपासतेय, व्हय साहेब, न्हाय साहेब करतेय. तेवढ्यात आबा रिटायर झाले, निरोपाचा कार्यक्रम ठरला आन विजयसिंहानं स्वतः गाणं रचलं. म्हणलं, आता सापडलास. तुला ठरलेला सूर पायजे ना, घे. घरी दार लावून सगळ्या तारा चढवल्या. कार्यक्रमात त्यानं ॲप लावलं, हिरवं. "सुधारली बघ," म्हणाला. त्यो माईककडं वळला तसा मी गिटारीच्या गळ्याला चिमटा लावला, ज्यानं समदा सूर आणखी वर सरकतो... अर्धा न्हाय, चांगले दोन सूर.

पहिलं कडवं कसंबसं गेलं. मानंच्या शिरा दोरीवाणी फुगल्या. मी गालात हसत वाजवतेय. मग आलं ते वरचं, "आबाऽऽ तुमच्यावाचून..." आन आवाज असा फाटला, असा फाटला, जसा पत्रा कापावा. मी लोकांकडं बघितलं, म्हणलं आता हसा.

कुणी हसंना. डेअरीत दूध घालणाऱ्या गोजरबाईंनी पदर डोळ्याला लावला. "किती जीव हाय बघा आबांवर. आवाजच फुटला." त्यो परत वर गेला, परत फाटला, तशा बायका मोकळ्यानं रडाया लागल्या. आबा खुर्चीतनं उठले आन त्याला मिठीच मारली. आन सासूबाई माझ्याकडं बघून काय म्हणत्यात, "समदे रडत्यात, तू दात काय काढती?"

निघताना आबा माझ्याजवळ आले. म्हणाले, "ब्येस झालं गं. पण आज तुझी ती खालची न्हाय वाजीवलीस." ज्या एका माणसानं माझं मनापासून ऐकलं, त्याच्याच दिवशी मी दुसऱ्याचा सूड काढत बसले. अर्धा सूर खाली यायचं होतं मला, अर्धाच, आन मी चढतच गेले. मान खाली घालून म्हणलं, "घरी येऊन वाजवीन आबा." मी गेलेबी. त्यांनी डोळं मिटून ऐकलं, मी डोळं पुसत वाजवलं. तेवढं बरं झालं.

पण विजयसिंह सुटला की. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, "सबिना, त्यो चिमटा बघितला मी, जपून ठेव गं. अंथुर्ण्याच्या हेडमास्तरांच्या निरोपाचा कार्यक्रम हाय, मलाच गायला बोलावलंय." अंथुर्ण्यात फाटला, रडारड. मग इंदापूर, तिथं तर पाहुण्यांनी भाषणच सोडलं. आता परवा बारामतीला हाय. सुपरवायझर हाय, न्हाय म्हणता येत न्हाय. मी जाते, चिमटा लावते, त्यो फाटतो, लोक रडत्यात... आन हल्ली मीबी रडते, पण माझं खरं असतंय.