डोंग्याले लागते तेवढं बल

…आणि वरून मलेच म्हणते, "आई, तुले बलच समजत नाई!" घ्या! सातवी पास आहे मी, बाया हो, गडचांदूरच्या शाळेतून, आणि माझी सहावीतली रिंकू मले शिकवून राह्यली! तुम्हाले सांगते, सरांनी ते बल शिकवलं तेव्हापासून घरात साधं काम करणं मुश्किल झालं. बल म्हणजे म्हणे ढकलणं नाहीतर ओढणं. बस, एवढंच. मी दार लोटलं… "आई, इथीबी बल आहे." विहिरीतून बादली ओढली… "आई, इथीबी बल आहे." आजीनं वेणी घालताना केस करकचून ओढले, तर बोंबलता बोंबलता… "आजी, इथीबी बल आहे!" मी म्हटलं, पाठीत धपाटा देते, तिथीबी पाहून घे!

पण हे बलबी तिले अर्धंच आलं. काऊन? तर माझ्यापायी. शाळा तलावाच्या पल्याड. गावातले सारे पोरं माझ्या सासऱ्याच्या, बापूजीच्या डोंग्यातून जातात. डोंगा म्हणजे आमची मासोळी धरायची लाकडाची नाव, पाय पसरून बसाल तर दुसऱ्याच्या मांडीवर जातो तो पाय! आणि मी एकटी रिंकूले घेऊन पाळीवरून, तलावाच्या बांधावरून फिरून, चिखल तुडवत. पहिला तास विज्ञानाचा, आम्ही पोचतो तर अर्धा संपलेला. मी म्हणायची, तास बुडाला तर बुडाला, पोरगी तर नाई बुडत! बापानं ढिवराच्या, मासोळी धरणाऱ्याच्या घरी दिली मले, पण माहेरी सिमेंटचा कारखाना, नाकात धूळ जायची हो, पाणी नाई!

शेवटी सरांनी सांगितलं, आता उशीर झाला तर वर्गात घेणार नाई. रिंकू घरी आली, दप्तर खुंटीले टांगलं आणि आजीसंग मासोळ्या साफ कराले बसली. रडली नाई, भांडली नाई. दोन दिवस तोंडातून एक 'बल' नाई निघालं! घर असं चूप… तुम्हाले सांगते, त्या चूपचं मले पाण्याहून जास्त भेव वाटलं. सातवीनंतर मीबी अशीच बसली होती ना, आईजवळ, खाली मान घालून.

मी बापूजीले म्हटलं, "आधी मी बसून पाहते." ते म्हणाले, "पाह्य ना बाई." सासरा कमी बोलते आमचा, बाकीचं सारं सासूबाई बोलतात.

बसली. संग रिंकू, मागं सारे पोरं. दोन्ही हातानं डोंग्याचे दोन्ही काठ धरले, डोळे मिटले. बापूजी बांबूनं तलावाचा तळ रेटते, डोंगा पुढं सरकते, आणि माझं काळीज मागं. रिंकूले तर कंठ फुटला! "आई, आबाजी तळाले मागं ढकलतात, म्हणून आपण पुढं जातो. इथीबी बल आहे." मी म्हटलं, "मग तो तळ कुठी जाते मागं?" तर म्हणते, "कुठीच नाई, तो लय मोठा आहे ना." घ्या!

डोळे उघडले तर पल्याडचा काठ जवळ आलेला, आणि मले धीर निघेना हो. उठली, आणि मारली काठाकडं उडी! तर डोंगा सरकला मागं! एक पाय माती शोधते, एक पाय डोंग्यात, मधी मी… धप्प! पाणी गुडघाभरच, पण मी अशी बोंबलली की झाडावरचे बगळे उडाले. पोरं हसून हसून एकमेकांवर पडले. आणि आमची रिंकूबाई वरून सांगते, "आई, पुढं उडायसाठी तू डोंग्याले मागं ढकललं! मोकळा होता, गेला तो मागं!" बापूजी एवढंच म्हणाले, "उतरायच्या आधी काठावरचा खुंट धराव बाई."

मग रिंकू उतरली. खुंट धरला, मग एक पाय, मग दुसरा. सावकाश. मी ओलं लुगडं पिळत पाहून राह्यली होती… हे पोरीले कधी आलं?

दुसऱ्या दिवशी ती डोंग्यात बसली, सारे पोरं बसले. बापूजी म्हणाले, "सूनबाई, जरा लोट." लोटलं मी. हालेना. जीव लावून लोटलं. तरी हालेना! पोरं ओरडून राह्यले, "रुतला, रुतला!" रिंकूनं वाकून पाह्यलं आणि हळूच म्हणाली, कोणाले ऐकू जाणार नाई असं, "आई… तू एका हातानं लोटते, आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. दोन्ही बल सारखे झाले, म्हणून हालत नाई."

पाहते तर खरंच हो! डावा हात डोंग्याच्या काठाले असा गच्च… कधी धरला, मलेच ठाऊक नाई. एकेक बोट सोडवलं मी. गेला डोंगा.

आणि मी तिथीच, घोटाभर पाण्यात. तिची लाल रिबीन बारीक होत गेली. वाटे, धावून ओढून आणावं. वाटे, आणखी एक धक्का द्यावा, लवकर पोचेल. इकडून तेवढंच, तिकडून तेवढंच… जागची हालली नाई मी.

तर पाळीवरून सासूबाईचा आवाज, "गोकुळा! रिकामी काऊन उभी राह्यली वो? घरी काई काम नाई का?"

रिकामी! आता यांले कोण सांगते की इथीबी… जाऊ द्या. गेली मी भांडे घासाले.